ताईंच्या हातातला पुसलेला पाइप

ताई, फ्लेक्सवाल्यानं तुमच्या हातातला पाइप पुसून टाकला.

तेरवीसाठी तुमच्या भावानं अर्जुनीहून फ्लेक्स करून आणला. चांगला दाराएवढा. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली तुमचं नाव, नावाखाली 'सेवानिवृत्त परिचारिका' आणि मधे तुमचा ओसरीवरचा फोटो, आमच्या लेकीनं, वर्षानं, मोबाइलवर काढलेला. दुसरा धड फोटो तुमचा नव्हताच. नोकरीच्या ओळखपत्रावर तुम्ही चोरासारख्या दिसता, असं तुम्हीच म्हणायच्या. तर या फोटोतला पाइप त्या पोरानं कॉम्प्युटरवर पुसला. धूरही पुसला. पण हात कुठं नेणार? तो तसाच राहिला, तोंडाजवळ, अर्धवट मिटलेला. बोटांनी काहीतरी धरलं आहे आणि तिथं काहीच नाही. शेजारच्या म्हातारीनं मला विचारलं, तुझी नणंद फोटोत बोरं खाऊन राहिली का? मी हव म्हटलं आणि आत निघून गेले.

तुमच्या भावाचं म्हणणं, लोक येतील, पाहुणे येतील, बरं दिसत नाही. या माणसानं आयुष्यभर याच एका वाक्यावर घर चालवलं. मीही गप्प बसले, माझीही जुनी सवय. काल तेरवी झाली. काल मात्र मी बोलले. काय बोलले ते सांगतेच, पण एकदम तिथं उडी मारली तर तुम्ही म्हणाल, काय घाई आहे, शकू? म्हणून सुरुवातीपासून सांगते. तुम्हाला माहीत आहे तेही सांगते, कारण इथं पंधरा दिवसांत लोकांनी ते विसरायला घेतलं आहे.

नव्याण्णव साली तुम्ही चिचगडच्या दवाखान्यातून निवृत्त झालात आणि केशोरीला आमच्या घरी राहायला आलात. 'आमच्या घरी' म्हटलं की तुम्ही लगेच दुरुस्त करायच्या, माझ्या बापाच्या घरी. एक ट्रंक, एक गादी आणि एक सायकल. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, सवड नाही भेटली. मी मनातून घाबरले होते. सासू जाऊन वर्ष झालं नव्हतं, आता कुठं मोकळा श्वास घेत होते, तर ही नोकरीवाली नणंद येऊन बसली. तुमच्या पहिल्या चहात साखर मी मुद्दाम कमी टाकली होती. आता कबूल करायला हरकत नाही.

पहिल्याच रविवारी दुपारची जेवणं झाली आणि तुम्ही सांदवाडीत, आमच्या मागच्या अंगणात, खाट टाकली. मी तिथंच सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होते. तुम्ही ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं, मला वाटलं इंजेक्शनचं सामान. निघाला पाइप. लाकडाचा, तांबूस काळा, मानेशी वाकलेला. तुमच्या दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर रोग्यांची रांग संपली की असाच ओढत बसायचे म्हणे, आणि तुम्ही वीस वर्षं नुसतं पाहिलं. नोकरीत असताना नाही म्हणजे नाही, ही तुमची शिस्त. निवृत्त झाल्याच्या आठवड्यातच नागपूरला गेलात आणि स्वतःसाठी घेऊन आलात. दुकानदारानं विचारलं, साहेबांसाठी का? तुम्ही म्हणालात, बाईसाठी.

माझ्या तोंडात तेव्हा गुडाखू होता. तंबाखू आणि गुळाची ती काळी लगदी आमच्याकडं बाया सकाळी दात घासायला म्हणून लावतात आणि मग दिवसभर लावतच राहतात. मी दिवसातून सहादा लावायची. तुम्ही आल्या दिवशीच माझ्या हिरड्या पाहून मला झापलं होतं. म्हणून त्या रविवारी माझं डोकं फिरलं. म्हटलं, स्वतः धूर काढून राहिल्या, आणि मले म्हणता गुडाखू सोड? मी तुम्हाला दिलेलं ते पहिलं उलट उत्तर. वाटलं, आता गेले कामातून.

तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, हेही वाईटच आहे, चांगलं म्हणणारा खोटं बोलतो. पण माझं हप्त्यातून एकदा, तुझं दिवसातून सहादा. आणि मग तुम्ही सौदा केलात. गुडाखू पूर्ण सोड, तर रविवारचा अर्धा पाइप तुझा. कुठल्या नर्सनं कधी असा सौदा केला असेल? मला दोन महिने लागले. डोकं ठणकायचं, पोरांवर उगाच ओरडायची, एकदा वरणाचं भांडं चुलीवरून उचलून आपटलं. पण सोडला. डॉक्टरनं सांगून सुटला नसता तो, त्या अर्ध्या पाइपाच्या लालचीनं सुटला.

मग माझा पहिला रविवार आला आणि मी त्याची पार वाट लावली. तुम्ही आंघोळीला गेल्या होत्या. म्हटलं, ताई येईपर्यंत भरून ठेवू. तुमच्या डब्यातला तंबाखू हाताला ओलसर लागला, मला वाटलं सादळला. म्हणून माझ्या सुपातला बिडीचा जर्दा घेतला, कोरडा, भुरभुरीत, आणि बोटानं ठासून भरला. आमचा हात तसाच पडलेला. सैल बिडी कारखान्यात चालत नाही, तपासणारा ती उजेडात धरतो आणि छाट म्हणून बाजूला फेकतो. मग काडी लावली आणि ओढला बिडीसारखा. बिडीला एकसारखा दम द्यावा लागतो, दोन झुरक्यांमधे जरा बोलत बसलात तर तेंदूचं पान विझतं. आणि विझली की दोष वळणारीचा. हे आईच्या मांडीशी बसून शिकलेलं. दहा-बारा झुरके झाले असतील, जिभेच्या शेंड्याला तापलेलं उलथनं टेकवल्यासारखं झालं.

तुम्ही ओल्या केसांनी आलात, माझं तोंड पाहिलं आणि आधी टॉर्च आणि चमचा मागवला. आ कर. जीभ बाहेर काढ. अजून. चिचगडच्या दवाखान्यात रोग्याला धरतात तसं मला धरलं होतं. मग चमचा खाली ठेवून एवढंच विचारलं, "काऊन एवढी घाई? गाडी सुटून राहिली का?"

तीन दिवस मी ताक-भात खाल्ला. घरात कुणी मिरचीचं नाव काढलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. तुमच्या भावाला सांगितलं, गरम चहानं पोळली.

पुढच्या रविवारी तुम्ही शिकवायला बसलात. तंबाखू चिमटीनं सोडायचा, ठासायचा नाही. खालचा आपल्या वजनानं बसतो. वरची चिमूट तेवढी बोटानं टेकवायची, आजारी पोराचं पोट चाचपतात तेवढ्या हातानं. पेटवायच्या आधी रिकामाच ओढून पाहायचा, वारा सहज आला पाहिजे. पहिल्या काडीला तंबाखू फुगून वर येतो, त्याला येऊ द्यायचं, हलकेच बसवायचं, मग दुसरी काडी. धूर छातीत न्यायचा नाही, गालातच ठेवून सोडायचा. बशीतला गरम चहा ओठानं घेतो तेवढाच झुरका. नळी एकाच जागी धरली तर धूर जिभेच्या एकाच ठिकाणी मारतो, म्हणून कधी या कोपऱ्यात, कधी त्या. मधेमधे घोटभर पाणी. आणि तुमच्या मनगटावरचं ते नाडी मोजायचं घड्याळ! एक झुरका, की काटा अर्धा फेरा करीपर्यंत पाइप मांडीवर. मला हसू यायचं, तुम्हाला नाही.

सगळ्यात आवडलं ते उलट्या हाताचं. पाइपाच्या पोटाला हाताची मागची बाजू लावायची, पोराच्या अंगात ताप आहे का पाहतो तशी. हात टिकला तर ठीक. नाही टिकला तर त्याला ताप चढला, खाली ठेवायचा, निवू द्यायचा. हे मी एका दिवसात शिकले. तीन लेकरं वाढवलेल्या बाईला ताप ओळखायला काय लागतं?

एकच गोष्ट मला जमत नव्हती, विझू देणं. धूर बारीक झाला की माझा जीव खालीवर व्हायचा. हात आपोआप वर जायचा, फकाफक ओढायची, पाइप तापायचा, जीभ पुन्हा चुरचुरायची. चार रविवार असंच. पाचव्या रविवारी तुम्ही माझा हात धरून खाली आणलात आणि म्हणालात, "विझू दे ना, शकू. इथं कोणी तपासणार नाही आहे."

मी आठ वर्षांची होते तेव्हापासून कुणी ना कुणी माझं काम उजेडात धरून पाहत आलं. आधी आई, मग कारखान्यातला माणूस, मग सासू. भात मऊ झाला, पोर काळं झालं, बिडी सैल झाली. त्या दुपारी विझलेला पाइप मांडीवर घेऊन मी नुसती बसले. कोंबड्या फिरत होत्या. खूप वेळानं दुसरी काडी लावली, तर काही बिघडलं नव्हतं, पुन्हा पेटला. मला रडू आलं. तुम्ही पाहिलं तर मी म्हटलं, धूर गेला डोळ्यांत. तुम्ही पाण्याचा गडवा माझ्याकडं सरकवलात.

आणि तुम्ही काही फार शहाण्या होत्या असं नाही हं. एका मे महिन्यात डब्यातला तंबाखू पार वाळला. मी म्हटलं, तेंदूची पानं आम्ही ओल्या गोणपाटात ठेवतो, तसाच ठेवू. तुम्हाला ते एवढं पटलं की गोणपाट तुम्ही स्वतःच्या हातानं भिजवलंत, आणि नर्सबाईनं बादलीभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी पाइप नुसता फसफस करत होता. धूर कमी, वाफच जास्त. मी सांगत होते, थांबा, उन्हात पसरू जरा. ऐकलं नाहीत. त्या खेपेला ताक-भात तुम्ही खाल्लात, आणि टॉर्च माझ्या हातात होता. मी 'आ करा' म्हटलं तेव्हा तुम्ही मला दिलेली शिवी मी इथं लिहीत नाही.

पाच वर्षं अशी सांदवाडीत गेली. मग एका रविवारी तुम्ही खाट उचलली आणि पुढच्या ओसरीवर नेऊन टाकली. म्हणालात, मागं डास चावून राहिले. डास कसले! ओसरीसमोरून सगळा रस्ता जातो, बाजाराला जाणारं येणारं सगळं गाव दिसतं. तुम्ही पायावर पाय टाकून बसलात, घड्याळ लावून. तुमचा भाऊ आठ दिवस तुमच्याशी बोलला नाही. सायकलवाले थांबून पाहायचे. बाया पदराआड हसायच्या. महिनाभर हे चाललं, मग गावाला कंटाळा आला आणि लोक 'राम राम नर्सबाई' म्हणून पुढं जायला लागले.

मी मात्र दाराच्या आत. चौकटीला पाठ लावून, रस्त्यावरून दिसणार नाही अशी. तुम्ही न पाहता हात मागं करायच्या, मी पाइप घ्यायची, माझे झुरके झाले की परत द्यायची. दर रविवारी तुम्ही म्हणायच्या, बाहेर ये. दर रविवारी मी म्हणायची, "तुमाले पेन्शन आहे ताई. मले नवरा आहे." तुम्ही हसायच्या. भांडण म्हणावं असं ते नव्हतं, पण मिटलंही नाही. शेवटच्या रविवारीही तुम्ही म्हणालात आणि मी तेच उत्तर दिलं.

एक दिवस मला छळतो, तो सांगूनच टाकते. माझा भाऊ तिरोड्याहून आला होता. मी पाण्याचा गडवा घेऊन समोर गेले, तर त्यानं वास घेतला आणि कपाळाला आठी घातली. मी घाईघाईनं म्हटलं, ताई ओढतात ना, त्यांच्यापाशी बसली होती. तो सरळ ओसरीवर गेला आणि तुम्हाला बोलला. माझ्याहून लहान पोरगा, आणि तुम्हाला म्हणाला, तुमच्यापायी लेकीसुनांचं घर नासून राहिलं, वयाची तरी लाज ठेवा. तुम्ही एकदा दाराकडं पाहिलं. मी आत उभी होते, हातात साखरेचा डबा. तुम्ही त्याला म्हणालात, बरोबर आहे तुझं, चहा पिऊन जा. आणि मी चहा केला. ताई, मी त्याला चहा करून दिला. त्यानंतर किती रविवार आले, तुम्ही तो विषय काढला नाहीत आणि मी माफी मागितली नाही.

आता लोक दबक्या आवाजात बोलून राहिलेत की पाइपानंच गेल्या. तुम्ही जेवून पडल्या आणि उठल्या नाहीत. हृदय बंद पडलं असं डॉक्टरनं सांगितलं. त्यात पाइपाचा हात असेल का? मला कळत नाही. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही 'असेल' म्हणाल्या असत्या, आणि पुढं म्हणाल्या असत्या, तूही आता बस कर. तुम्ही स्वतःची बाजू घ्यायलासुद्धा खोटं बोलत नव्हत्या. अशा बाईचा फोटो यांनी खोटा करून दारात टांगला, याचा मला संताप आला होता.

तरी मी तो गिळला असता. खरं सांगते, गिळला असता. पण काल पंगतीच्या आधी गावातले निवृत्त गुरुजी श्रद्धांजलीला उभे राहिले. कागदावर लिहून आणलं होतं. सेवाभावी म्हणाले, ठीक. सोज्वळ म्हणाले, तेही चालवून घेतलं. मग म्हणाले, "जन्मभर निर्व्यसनी राहून." मांडवात दोन-तीनशे माणसं. निम्म्यांनी तुम्हाला ओसरीवर पाहिलेलं, आणि सगळे माना हलवून राहिले. माझ्या हातात भाजीची बादली होती. ती मी खाली ठेवली.

"गुरुजी, थांबा," मी म्हटलं. "ताई पाइप ओढत होत्या. दर रविवारी, ओसरीवर बसून. तुमी रस्त्यानं जाताना राम राम केला आहे त्यायले. आन दाराच्या आत मी बसत होती. अर्धा पाइप मी ओढत होती."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. मग मी माझ्या भावाकडं वळले. तो पहिल्याच ओळीत बसला होता. म्हटलं, त्या दिवशीचा वास माझा होता, ताईचा नाही, तू चुकीच्या माणसाला बोलला. तो सतरंजीची किनार बोटानं सरळ करायला लागला. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, 'बरं' म्हणाले, खिशातला पेन काढून कागदावर एक रेघ मारली आणि पुढं वाचायला लागले. मी बादली उचलली आणि वाढायला गेले. बायांच्या पंगतीत दोघी-तिघींनी पानावर हात आडवा धरला, माझ्या हातची भाजी नको म्हणून. एका म्हातारीनं मात्र दोनदा मागून घेतली.

पंगती उठल्यावर तुमचा भाऊ मांडवातल्या सतरंज्या गुंडाळत होता. मी मुद्दाम त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, काय बोलायचं ते बोलून घ्या, आज मी आत जाणार नाही. तो सतरंजी गुंडाळतच राहिला. मग खालीच पाहून म्हणाला, "मले मालूम होतं."

मी विचारलं, कधीपासून? तर म्हणे, आपण दोघी सांदवाडीत बसत होतो तेव्हापासून. एकदा धानाच्या बांधीवरून लवकर घरी आला होता, मागच्या कुंपणातून दिसलं. तो मला मारायलाच निघाला होता. तुम्ही त्याला कुंपणाशी पाहिलं होतं, आणि त्याच संध्याकाळी बाहेर गाठलंत. तुम्ही काय म्हणालात ते त्यानं मला जसंच्या तसं सांगितलं, एवढ्या वर्षांनी. "तिले एक शब्द बोललास तर मी या घरात पाणी पिणार नाही. आन तुले मालूम आहे हे तिले सांगू नको. ती आपल्या मनानं बाहेर येईन."

मग सतरंजी खांद्यावर टाकून तो म्हणाला, ताईनं शब्द घेतला होता, मी पाळला. आणि निघून गेला. मी मांडवात एकटीच उभी.

म्हणजे इतकी वर्षं मी दाराआड बसले ती ज्याच्या भीतीनं, त्याला सगळं माहीत होतं. आणि त्याला माहीत आहे हे तुम्हाला माहीत होतं. दर रविवारी तुम्ही 'बाहेर ये' म्हणालात, मी नवऱ्याचं नाव सांगितलं, आणि तुम्ही हसलात! माझा भाऊ तुम्हाला वाटेल ते बोलून गेला तेव्हासुद्धा तुम्ही मला हे सांगितलं नाहीत. एक वाक्य बोलायचं होतं, ताई. शकू, त्याला कळलं आहे, तो काही करणार नाही. मी त्याच दिवशी तुमच्याशेजारी येऊन बसले असते.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. माझ्या सांगण्यावरून आली असतीस तर ते तुझं येणं नसतं. असेल. तुमचंच बरोबर असेल, नेहमी असायचं. काल मला कुणी ढकललं नाही, कुणी परवानगी दिली नाही, काही होणार नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. मी नवऱ्याला, भावाला, सगळ्या गावाला घाबरत घाबरतच बोलले आणि तरी बोलले. त्याबद्दल तुमचे उपकार मानते. पण राग राहणार आहे, तो मी सोडणार नाही. एवढी वर्षं माझी वाट पाहिलीत ना? मग अजून तेरा दिवस थांबायचं होतं.